धर्म सांगणाऱ्याचा गुन्हा नेमका कोणता?

धर्मप्रसाराचा विषय निघाला की आपल्याकडचा शिकलासवरलेला माणूस एका ठरावीक सुरात बोलू लागतो. ज्याचा देवावर खरा विश्वास आहे तो दुसऱ्याच्या देवाच्या वाटेला जात नाही, असे त्याचे म्हणणे असते. जो जातो त्याच्या पाठीशी परदेशी पैसा असतो, नाहीतर राज्यकर्त्यांचा वरदहस्त, नाहीतर स्वतःच्याच मनातली शंका बुजवायला त्याला सोबती हवे असतात. आणि जो आपला धर्म सोडून त्याच्यामागे जातो तो बिचारा अडाणी, मूठभर धान्याला भुललेला. हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, परिसंवादात ऐकले आहे, आणि ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे अशा माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याला पुरावा मागावा असे कुणाला वाटत नाही. मला ते चूक वाटते आणि अन्यायाचेही वाटते. त्यात प्रचारकावर अन्याय होतो तो थोडा. ज्याला तो सांगायला गेला त्याच्यावर होतो तो फार मोठा.

आधी प्रचारकाचे पाहू.

जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकन १८४८ साली मुंबईत उतरला. तरुणपणी तो नास्तिक होता. जिच्याशी त्याचे लग्न ठरले होते ती मुलगी आजारपणात गेली, जाताना आपले बायबल त्याच्यासाठी ठेवून गेली, आणि ते वाचता वाचता त्याचे मन पालटले. मुंबईत आल्यावर थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार घेणे सोडले. देशी वस्तीत, इतर गोऱ्यांना लाज वाटावी इतक्या साधेपणाने तो राहू लागला आणि रस्त्यात उभा राहून मराठीत बोलू लागला. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवले. १८८८ साली तो मुंबईतच वारला. चाळीस वर्षांच्या या उपदेशाने ख्रिस्ती झालेली माणसे शोधायला गेले तर फारशी हाती लागत नाहीत. पैशासाठी म्हणावे तर आलेला पैसा त्याने नाकारला होता. डोकी मोजण्यासाठी म्हणावे तर मोजायला डोकी नव्हती. मग हा माणूस चाळीस वर्षे उन्हात उभा राहिला तो कशासाठी?

उत्तर सोपे आहे, फक्त आपल्याला ते गैरसोयीचे वाटते. त्याला वाटत होते की जे आपल्याला कळले आहे ते खरे आहे आणि समोरच्याच्या आयुष्यमरणाशी त्याचा संबंध आहे. पुराच्या रात्री पुढचा पूल वाहून गेल्याचे ज्याला ठाऊक आहे तो येणाऱ्या गाड्या थांबवतो. ठाऊक असून घरी जाऊन झोपणाऱ्याला आपण सहिष्णू म्हणत नाही. पूल खरोखर वाहून गेला आहे की नाही यावर बोवेनशी वाद घालता येईल, आणि मी तो घालेन. पण त्याने गाड्या थांबवल्या म्हणून त्याच्या हेतूवर संशय घेणे मला पटत नाही. ज्याला आपले सत्य खरे वाटते, साऱ्यांसाठी खरे वाटते, आणि तरीही जो शेजाऱ्याला ते सांगत नाही, त्याच्याविषयी मला जास्त प्रश्न पडतात.

याच बोवेनची गाठ विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांशी पडली. १८५७च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी हे वाद चालत. एका बाजूला पाद्री, दुसऱ्या बाजूला कस्टम खात्यातली नोकरी सोडून देवाच्या शोधात निघालेला कुलाबा जिल्ह्यातला हा ब्रह्मचारी, आणि भोवती ऐकणाऱ्यांची ही गर्दी. देव सर्वशक्तिमान असेल तर पाप निर्माण झाले कसे, एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप फिटते कसे, पुनर्जन्म न मानता जन्मतःच्या दुःखाचा हिशेब लावायचा कसा, असे प्रश्न दोन्हीकडून झडत. पुढे बोवेनने हे वाद स्वतःच इंग्रजीत पुस्तकरूपाने छापले, विष्णुबुवांच्या आक्षेपांसकट. इकडे विष्णुबुवाही नुसता बचाव करायला उभे नव्हते. वेदोक्त धर्म हाच सगळ्या मानवजातीचा खरा धर्म, अशी त्यांची मांडणी होती, आणि १८५९ साली त्यांनी ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ लिहिला तो याच भूमिकेवरून. म्हणजे त्या वाळूवर एक प्रचारक आणि एक सहिष्णू हिंदू उभे नव्हते, तिथे दोन प्रचारक समोरासमोर होते. दोघांनाही दुसऱ्याचे मन बदलायचे होते. आणि त्यासाठी दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे लागत होते. एकमेकांना ‘तुमचे तुमच्यापाशी, आमचे आमच्यापाशी’ म्हणून गप्प बसलेल्या दोन शेजाऱ्यांपेक्षा या दोघांनी परस्परांचा धर्म अधिक बारकाईने अभ्यासला होता, हे कुणी लक्षात घेत नाही.

सत्तेच्या वरदहस्ताचे म्हणाल, तर सुरुवातीचा इतिहास उलटाच आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईला आले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार त्यांना परत पाठवायच्या खटपटीत होते. वेल्लोरचे १८०६चे बंड कंपनीच्या मनात ताजे होते, आणि धर्माला हात लावल्याने व्यापार बुडेल ही धास्ती होती. हॉल तरीही राहिला, मराठी शिकला, बायबलच्या भाषांतराला लागला आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने मेला. तेरा वर्षांच्या कामाला यश म्हणावे असे काहीच आले नव्हते. पुढे मिशनऱ्यांना साम्राज्याचा आसरा मिळाला, त्यांच्या शाळांना अनुदाने मिळाली, गोऱ्या कातडीचा दबदबा उपयोगी पडला, हे सगळे खरे आहे आणि ते मी झाकून ठेवणार नाही. पण आसरा मिळाला म्हणून हेतूही तोच होता असे ठरत नाही.

राहिली मनातल्या शंकेची गोष्ट. हा आक्षेप थोडा विद्वत्तेचा असतो. लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी १९५६ साली एक पुस्तक लिहिले. १९५४च्या डिसेंबरात महापूर येणार आणि उडत्या तबकडीतून आलेले लोक आपल्याला वाचवणार, असे मानणाऱ्या अमेरिकेतल्या एका छोट्या गटावर ते होते. पूर आला नाही, आणि तोवर गप्प असणारा तो गट उलट प्रचाराला लागला, असे त्यांनी मांडले. त्यावरून प्रत्येक प्रचारक म्हणजे आतून पोखरलेला माणूस, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. एका खोलीत मावणाऱ्या माणसांवरून दोन हजार वर्षांच्या चर्चचा, अडीच हजार वर्षांच्या भिक्खुसंघाचा आणि इस्लामच्या दावतीचा, म्हणजे धर्माच्या निमंत्रणाचा, निकाल लावणे हे मला अभ्यासाचे लक्षण वाटत नाही. बोवेनची शंका श्रद्धेच्या आधी होती. शंका संपली तेव्हा तो बोलू लागला.

आता ‘आपण असले काही करत नाही’ या दाव्याकडे येतो, कारण खरा पीळ तिथे आहे.

कुठल्याही मराठी गावात जा. माळ घातलेला माणूस तिथे असतोच. त्याने मांस सोडलेले असते, दारू सोडलेली असते, एकादशी धरलेली असते, आषाढीला त्याचे पाय पंढरपूरकडे वळतात. हा माळकरी गप्प बसतो का? भावकीतल्या पिणाऱ्या पोराला तो ओट्यावर बसवून घेतो, सप्ताहाला ओढून नेतो, महाराजांच्या पायावर घालतो आणि एक दिवस त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालतो. त्या पोराचे खाणे बदलते, संगत बदलते, कधी कधी घरातल्या देवाचा बोकड बंद होतो आणि त्यावरून म्हातारीशी भांडण होते. माणसाचे आयुष्य मुळापासून बदलावे म्हणून केलेला हा सरळ प्रयत्न आहे, आणि तो प्रेमापोटी केलेला असतो. आपण त्याच्या हेतूवर कधी संशय घेतला आहे?

महानुभावांचे तर आणखी ठळक उदाहरण आहे. चक्रधरस्वामींचा पंथ, मराठी हीच त्याची धर्मभाषा. या पंथाचे साधू चालत चालत पंजाबात गेले, त्याच्याही पलीकडे काबूलपर्यंत गेले, तिथे मठ उभे राहिले, आणि जयकृष्णी म्हणवणाऱ्या पंजाबी घरांमध्ये मराठी पोथ्या वाचल्या जाऊ लागल्या. मराठीचा हा प्रवास सांगताना आपली छाती भरून येते. तो झाला कसा? कुणीतरी परक्या गावात जाऊन, परक्या माणसाला, तुझे दैवत सोड आणि या मार्गाला लाग असे सांगितले म्हणून. आर्य समाजाने शुद्धीची चळवळ चालवली ती सर्वांच्या डोळ्यांदेखत. नरेंद्र दाभोलकर देवाचे नाव न घेता गावोगाव फिरत होते तेही माणसांची मने बदलण्यासाठीच, आणि २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांना गोळ्या घालणाऱ्यांना तेच सहन होत नव्हते. मन वळवण्याचा हक्क बुद्धिवाद्याला आहे आणि पाद्र्याला नाही, मौलवीला नाही, अशी वाटणी कुठल्या न्यायाने करायची, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही.

या सगळ्यात सर्वांत भारदस्त आक्षेप गांधीजींचा, म्हणून त्याच्याशी दोन हात करायलाच हवेत. मे १९३५च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिले की आपल्या हाती कायदा करण्याची सत्ता असती तर आपण सगळा धर्मप्रसार थांबवला असता. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले, तेव्हा धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे, वाटेल तेव्हा बदलायला, अशा अर्थाचा अभिप्राय गांधीजींनी दिला. इथवर मतभेद समजण्यासारखा आहे. सगळे धर्म आपापल्या जागी खरे आणि सगळेच अपुरे, असे ते प्रामाणिकपणे मानत होते. पण पुढच्या वर्षी, १९३६च्या अखेरीस, जॉन मॉट या अमेरिकन ख्रिस्ती नेत्याशी बोलताना त्यांनी विचारले की तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल का, आणि काही अस्पृश्यांची समज त्याहूनही कमी आहे, इस्लाम, हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांतला डावा-उजवा फरक त्यांना करता येणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. टीका झाल्यावरही त्यांनी ती उपमा मागे घेतली नाही, तिचे समर्थनच केले.

हे बोलणे झाले त्याच वर्षी, ३१ मे १९३६ला, दादरला मुंबई इलाखा महार परिषदेत डॉ. आंबेडकर बोलले होते. ते भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने छापलेले आहे, ज्याला वाटेल त्याने वाचावे. समोर गिरण्यांतले कामगार, रेल्वेतले मजूर, गावकीचे महार. त्यांच्यापुढे बाबासाहेब भावनेचा पूर आणत नाहीत. ते लिहून आणलेले भाषण मुद्द्यामागून मुद्दा उलगडत जातात. धर्मांतराचा ऐहिक विचार वेगळा, आध्यात्मिक विचार वेगळा. सवलती जातील का, या भीतीला उत्तर. मुसलमानांत आणि ख्रिस्त्यांतही जातिभेद आहेत, या आक्षेपाला उत्तर. बापजाद्यांचा धर्म सोडायचा कसा, या गहिवराला उत्तर. कुठल्या धर्मात जायचे ते त्या दिवशी सांगितलेच नाही. आधी पटते का ते पाहा, असा सगळा रोख. त्यानंतर वीस वर्षे त्यांनी विचार केला, लोकांना थांबवून धरले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेऊन लाखोंना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांमध्ये जुन्या देवतांना नकार आहे, शब्द न चावता दिलेला.

एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एकाला ज्यांच्यातल्या काहींत गाईएवढीही समज दिसली नाही, त्याच लोकांपुढे दुसरा तासन्‌तास युक्तिवाद मांडत होता, कारण त्यांना तो कळेल याची त्याला खात्री होती. दोघांमधला प्रचारक कोण? आंबेडकर. मग समोरच्या माणसाचा मान राखला कुणी? धर्मांतराच्या विरोधात आज जे बोलले जाते त्याच्या मुळाशी मला नेहमी हेच सापडते. बोलणारा प्रचारकाच्या हेतूवर बोट ठेवत असतो, पण त्याचा अविश्वास असतो तो ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर. महार ख्रिस्ती झाला तर गव्हासाठी, मांग मुसलमान झाला तर कुणीतरी फूस लावली म्हणून, बाई बौद्ध झाली तर नवऱ्यामागे गेली म्हणून. नारायण वामन टिळकांसारखा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा लोक चिडले, हळहळले, पण त्याने विचार केला असेल हे कुणी नाकारले नाही. विचार करण्याचा हा मान जातीनुसार आणि शिक्षणानुसार वाटला जातो.

ही वृत्ती आता कायद्यात शिरली आहे. ओडिशाचा १९६७चा धर्मस्वातंत्र्य कायदा घ्या. जबरदस्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर करणाऱ्याला त्यात एक वर्षापर्यंतची कैद किंवा पाच हजारांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही आहे. पण ज्याचे धर्मांतर झाले ती व्यक्ती अल्पवयीन, स्त्री, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा दुप्पट. अज्ञान मूल, प्रौढ बाई आणि प्रौढ दलित माणूस एका ओळीत बसवले आहेत. हाच साचा पुढच्या कायद्यांनी उचलला. वकील असलेली बाई, जिल्हा परिषदेत निवडून आलेला आदिवासी, विद्यापीठात शिकवणारा दलित प्राध्यापक, हे सगळे या कलमाच्या नजरेत पोराटोरांसारखे फसण्याजोगे. घटनेने अनुच्छेद २५मध्ये धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निकाल दिला. त्या निकालाची सारी चर्चा प्रचारक काय करू शकतो याभोवती फिरते. ज्याला पटले त्याच्या हक्काचे काय, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो.

मग धर्मप्रसारात गुन्हा असा काही नसतोच का? असतो. फार भयंकर असतो. पण तो मन वळवण्याच्या इच्छेत सापडत नाही. तो सापडतो तो समोरच्याचा नकार काढून घेण्यात.

त्यासाठी गोव्याकडे पाहावे. कित्येक मराठी घरांचे कुलदैवत नदीपलीकडे का आहे हे त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, कारण तिसवाडी आणि साष्टीत देवळे पाडली जात होती. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने फर्मान निघाले की पोरक्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या हवाली करून ख्रिस्ती करावे. १५६० साली इन्क्विझिशन बसले, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२पर्यंत चालले. त्याचा मुख्य रोख कुणावर होता? नव्याने ख्रिस्ती झालेल्यांवर. त्यांनी मागे वळून पाहू नये म्हणून. १७३६च्या हुकूमनाम्यात तर अंगणात तुळस लावायला बंदी आहे, धोतर नेसायला बंदी आहे, आणि हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायलाही बंदी आहे. चुलीवरच्या भातात मीठ पडले की नाही हे पाहायला जो धर्म हेर लावतो, त्याचा आपल्या सत्याच्या बळावरचा विश्वास उडालेला असतो. त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले. ओवी रचणाऱ्याला ऐकणाऱ्याची मर्जी राखावी लागते, त्याची भाषा, त्याची लय, त्याची रुची शिकावी लागते. फर्मान काढणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. एकाच पंथाच्या या दोन रीतींना मी एका तागडीत टाकणार नाही.

आणि परतीचे दार बंद करण्याचा गुन्हा केवळ परक्यांनीच केला असे नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून पोरवयाचा होता आणि मिशनरीच्या घरी राहायला गेला होता. बापाने न्यायालयात धाव घेतली, मुलगा अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. निकाल योग्यच होता. मुलाला आईबापांपासून तोडून दिलेली दीक्षा मला मान्य नाही. पण पुढे काय झाले? मुलगा घरी परत आला आणि जातीने त्याला दार लावले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर शास्त्रीमंडळींनी त्यांच्यावरच गदारोळ उठवला. पाद्र्याने मुलगा पळवला म्हणून ओरडणारा समाज तोच मुलगा परत आल्यावर त्याला पंगतीत बसू देईना. आज काही देशांत इस्लाम सोडणाऱ्याला कायद्याने मृत्युदंड आहे. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य लिहिले गेले तेव्हा सौदी अरेबिया मतदानात तटस्थ राहिला, त्यामागे हेही कारण होते. जो धर्म लोकांना आत बोलावतो आणि बाहेर पडणाऱ्याची मान कापतो, त्याच्या निमंत्रणाला मी निमंत्रण मानत नाही.

या कसोटीवर आपल्या आदराच्या माणसांनाही घासून पाहावे लागते. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला आणले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून वादळ उठले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणात मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी तिथे शिकली, राहिली, आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून निघाली ती हिंदू म्हणूनच. उघड्या दारातून आत न जाण्याची मुभा तिथे होती. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो बायका-मुली आणल्या, त्यांचे जीव वाचवले आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन फुलवले, तेव्हा मात्र मला अडखळायला होते. आईबाप मेलेली दहा वर्षांची पोर, जिला अन्न, वस्त्र आणि माया एकाच हातून मिळते आहे, तिला त्या हाताचा देव नाकारता येतो का? रमाबाईंची करुणा निखळ होती यात मला शंका नाही, आणि तरी हा प्रश्न तसाच उरतो. हेतू चांगला होता एवढ्याने तो सुटत नाही. हेतूंची झडती घेण्यात अर्थ नाही असे मी म्हणतो ते याचसाठी: चांगल्या हेतूनेही दुसऱ्याचा नकार हिरावला जाऊ शकतो.

त्याच्या आधीच्या दुष्काळात आंध्रात ओंगोलला जॉन क्लाउ हा बाप्टिस्ट मिशनरी होता. बकिंगहॅम कालव्याच्या दुष्काळी कामावर त्याने मादिगा या अस्पृश्य जातीतल्या हजारो उपाशी माणसांना लावले. लोक बाप्तिस्मा मागायला येत होते आणि तो नाही म्हणत होता. दुष्काळ सरेपर्यंत, धान्याची मदत थांबेपर्यंत त्याने कुणालाही दीक्षा दिली नाही. सगळे संपल्यावर, देण्यासारखे हातात काहीच उरले नसताना, लोक तरीही आले. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. तांदळासाठी धर्म सोडला म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. आणि आज जे आजाऱ्याला औषधासोबत, गरिबाला शाळेच्या फीसोबत प्रार्थनेची सक्ती जोडतात, त्यांनीही ठेवावी.

नारायण वामन टिळकांइतका उत्साही ख्रिस्ती मराठीत दुसरा सापडणार नाही. त्यांनी धर्म बदलला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या त्या वेगळी चूल आणि वेगळे पाणी घेऊन. टिळकांचे तोंड काही बंद राहणारे नव्हते. ते बोलत, समजावत, कविता करत. पण बायकोची चूल त्यांनी मोडली नाही. पाच वर्षे गेली. सोवळ्याचा, पाण्याच्या विटाळाचा विचार लक्ष्मीबाईंनी आपल्या रीतीने केला, जाती माणसांनीच केल्या या निष्कर्षावर त्या स्वतः आल्या, आणि मग दीक्षा घेतली. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कुणाला ही बाई नवऱ्यामागे फरफटत गेली असे वाटणार नाही. १९०० सालच्या त्या लक्ष्मीबाई ओडिशाच्या कायद्यात मात्र अज्ञान मुलाच्या रांगेत उभ्या राहिल्या असत्या.

मला हवा असलेला कायदा वेगळा आहे. धमकी देणाऱ्याला, अन्नाला किंवा औषधाला अट घालणाऱ्याला, अज्ञान मुलाला पालकांपासून तोडणाऱ्याला तो पकडेल, मग तो कुठल्याही धर्माचा असो. धर्म सोडणाऱ्यावर किंवा सोडून परत येणाऱ्यावर बहिष्कार घालणाऱ्या जातपंचायतीला, जमातीला आणि चर्चलाही तो तितकाच पकडेल. आणि साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला आपल्या अंतःकरणाची नोटीस देण्याची अट, जी आज उत्तर प्रदेशासारख्या राज्यांत आहे, ती त्यात नसेल. स्त्रिया आणि दलित-आदिवासींना मुलांच्या रांगेत बसवणारे कलम तर पहिल्या वाचनालाच खोडले जाईल.